उंचीचं बंधन आणि हॅमचा टॉवर: नियम, हिशेब, अर्ज आणि पर्याय

नियमावलीत ‘कमाल उंची १० मीटर’ असं एक वाक्य दिसलं की बरेच हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणारे, दोनांपैकी एक करतात. एक तर नाद सोडतात, नाहीतर सुट्टीच्या दिवशी गुपचूप मास्ट उभा करून काय होतं ते बघतात. दुसरा मार्ग महागात पडतो. एकदा काढून टाकायची नोटीस आली की पुढचा प्रत्येक अर्ज त्या नोटिशीसकट वाचला जातो. मधला मार्ग कंटाळवाणा आहे, पण चालतो: आधी नियम शब्दशः वाचायचा, मग किती मीटर लागतात ते काढायचं आणि तेवढेच मागायचे.

पायरी १: बंधन नेमकं कोणाचं आणि कशावर

एकाच खांबाला चार वेगवेगळ्या बाजूंनी बंधनं येऊ शकतात: स्थानिक बांधकाम नियम, गृहसंस्थेचे किंवा जागेच्या करारातले नियम, विमानतळाजवळची उंचीमर्यादा आणि वारसा परिसराचे निर्बंध. प्रत्येकाची दाद मागायची जागा वेगळी असते. बांधकाम परवाना हातात आला म्हणून गृहसंस्थेचा करार गळून पडत नाही.

अमेरिकेतलं उदाहरण बघा. तिथल्या एफसीसीने, म्हणजे दळणवळणाचं नियमन करणाऱ्या सरकारी आयोगाने, १९८५ साली पीआरबी-१ हा निर्णय दिला. हौशी रेडिओच्या अँटेनाला स्थानिक प्रशासनाने वाजवी मुभा द्यावी आणि आपला हेतू साधण्यापुरते कमीत कमी निर्बंध घालावेत, असं त्यात म्हटलं आहे. हेच तत्त्व पुढे हौशी रेडिओसाठीच्या भाग ९७ च्या नियमांत, कलम ९७.१५ मध्ये आलं. पण घर घेताना सही केलेल्या खासगी करारातल्या बंधनांना पीआरबी-१ लागू नाही. तिथेही अनेकांचा घोटाळा होतो तो इथेच: कायदा बाजूने असतो, पण समोरचा पक्ष वेगळा असतो. तुमच्या देशात असा काही नियम आहे का, हे परवाना देणाऱ्या खात्याच्या नियमांत शोधा आणि सापडल्यास त्याचं कलम अर्जात उद्धृत करा. ‘हॅमला सवलत असते’ असं मोघम लिहून काही हाती लागत नाही.

मग व्याख्या तपासा. उंची कुठून मोजायची? मूळ जमिनीपासून, भराव टाकलेल्या जमिनीपासून की छतापासून? वरचं टोक म्हणजे टॉवरचं की त्यावरच्या यागीच्या (एका दिशेला झोत टाकणाऱ्या अँटेनाच्या) दांड्याचं? ९ मीटरच्या टॉवरवर ३ मीटरची नळी आणि तिच्यावर अँटेना बसवली, तर काही ठिकाणी ती ९ मीटर धरतात, काही ठिकाणी १२. ‘बांधकाम’ या शब्दात काय येतं? पायाशिवाय उभा केलेला फायबरचा खांब, झाडावरून सोडलेली तार आणि ध्वजस्तंभ बहुधा वेगवेगळ्या रकान्यांत पडतात.

सगळ्यात उपयोगी प्रश्न सरकत्या मास्टचा. मिटल्यावर ६ मीटर आणि उघडल्यावर १५ मीटर होणाऱ्या मास्टची उंची कोणती धरायची, हे बहुतेक नियमावल्यांत लिहिलेलंच नसतं. हे लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. खिडकीवरच्या कारकुनाने तोंडी दिलेला होकार तो बदलून गेला की संपतो.

शेवटी सीमेपासूनचं अंतर. खांब पडला तर आपल्याच हद्दीत पडावा, म्हणून उंचीइतकं अंतर मागण्याची पद्धत बरीच रूढ आहे. लहान प्लॉटवर खरा अडसर उंचीचा नसतो, हा असतो. हद्दीपासून ८ मीटर आत जागा असेल, तर १५ मीटरचा अर्ज करण्याआधीच उत्तर ठरलेलं असतं.

पायरी २: किती मीटर लागतात ते काढा

‘जितकं उंच तितकं चांगलं’ हे वाक्य अर्जात लिहिलं की अर्ज तिथेच संपतो. आडव्या अँटेनाचा पहिला झोत जमिनीशी किती कोन करतो, हे एका साध्या सूत्राने निघतं: कोनाचा साइन = तरंगलांबी भागिले (४ × उंची). सपाट जमीन धरलेली आहे, पण तुलनेला एवढं पुरतं.

२० मीटर बँडवर (बँडची नावं तरंगलांबीवरून पडतात, उंचीवरून नाही), १४.१५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी २१.२ मीटर. म्हणजे ७ मीटर उंचीवर झोत साधारण ४९ अंशांवर, १० मीटरवर ३२, १२ मीटरवर २६, १५ मीटरवर २१ आणि २१ मीटरवर १४.५ अंशांवर. सिग्नल परत जमिनीकडे वळवणारा आयनांबराचा थर ३०० किलोमीटरवर धरला, तर ४९ अंशांचा झोत एका उडीत जेमतेम ५०० किलोमीटर जातो, ३० अंशांचा साधारण ९३० आणि १५ अंशांचा १,७०० किलोमीटर. दूरच्या खंडाशी बोलायचं तर उड्या कमी व्हायला हव्यात, कारण प्रत्येक उडीत सिग्नल झिजतो.

आता दोन गोष्टी उघड होतात. ७ वरून १२ मीटरला गेलं की झोत २३ अंशांनी खाली येतो, पण १५ वरून २१ ला गेलं की फक्त सहा अंशांनी. पहिले पाच मीटर शेवटच्या सहा मीटरांपेक्षा कितीतरी मोलाचे, त्यामुळे वाटाघाटीत कुठे अडून बसायचं आणि कुठे सोडायचं हे आपोआप कळतं. दुसरी गोष्ट बँडची. २८.४ मेगाहर्ट्झला १० मीटर उंचीवरच १५ अंश मिळतात. १० आणि १५ मीटर बँडवर रमणाऱ्याने टॉवरसाठी भांडण्याचं फारसं कारण नाही. उलट ७.१ मेगाहर्ट्झला १० मीटरवरचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली तार) सिग्नल सरळ आकाशात फेकतो, १५ मीटरवर ४५ अंशांत आणि २१ मीटरवर ३० अंशांत. ४० मीटर बँडवर दूरचं काम करायचं तर परवानगीयोग्य उंचीवरचा आडवा डायपोल जवळपास निरुपयोगी. तिथे उभी अँटेना घ्या. शेजारच्या जिल्ह्यांशी आपत्कालीन जाळं चालवायचं असेल, तर मात्र हाच ‘निरुपयोगी’ डायपोल उत्तम.

व्हीएचएफचं (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) गणित निराळं. रेडिओ क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये = ४.१२ × उंचीचं वर्गमूळ. १० मीटरवर १३ किलोमीटर, २० मीटरवर १८. समोरच्या स्टेशनचं अंतर त्याच सूत्राने काढून त्यात मिळवा. इथे आकड्यापेक्षा शेजारची इमारत ओलांडली जाते की नाही हेच महत्त्वाचं, आणि लांब केबल मिळालेला फायदा खाऊन टाकते. आरजी-५८ या बारीक अँटेना-केबलची ३० मीटर लांबी १४५ मेगाहर्ट्झला ५ ते ६ डेसिबल गिळते, म्हणजे पाऊण शक्ती केबलमध्येच गेली.

पायरी ३: वाऱ्याचा भार

अधिकाऱ्याला कोनांत रस नसतो. हे पडेल का, एवढंच त्याला हवं असतं. भार = ०.५ × १.२२५ × वेगाचा वर्ग × आकारगुणांक × क्षेत्रफळ. वेग ४० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर धरला, तर दर चौरस मीटरला ९८० न्यूटन. लहान यागी आणि रोटेटर (ती फिरवणारी मोटर) मिळून ०.५ चौरस मीटर, गुणांक १.२ धरला की जवळपास ५९० न्यूटन, म्हणजे ६० किलोचं ओझं आडवं टांगल्यासारखं. १२ मीटरच्या टोकाला ते लागलं की बुडाशी ७,००० न्यूटन-मीटर घूर्ण येतो, आणि यात टॉवरवरचा स्वतःचा वारा अजून धरलेलाच नाही. वेग दुप्पट झाला की भार चौपट होतो. जुन्या पाण्याच्या नळ्या जोडून केलेले खांब पहिल्या वादळातच का वाकतात, याचं उत्तर या दोन ओळींत आहे.

हे गणित तुम्हाला समजण्यासाठी. अर्जाला जोडायचं ते परवानाधारक संरचना अभियंत्याचं, सहीशिक्क्याचं. उत्पादकाचा तक्ता कोणत्या वाऱ्यासाठी आहे हे नीट वाचा. अनेक तक्ते तुमच्या भागातल्या संकेतमूल्याहून कमी वेगाचे असतात आणि तपासणारा नेमकं तिथेच बोट ठेवतो.

ताणतारांचा मास्ट असेल तर तारा १२० अंशांवर तीन दिशांना घ्या आणि नांगर उंचीच्या ६० ते ८० टक्के अंतरावर ठेवा. म्हणजे १२ मीटरला ७ ते साडेनऊ मीटर. सुरुवातीचा ताण तारेच्या तुटण्याच्या क्षमतेच्या साधारण १० टक्के. नांगर आपल्याच हद्दीत बसतो का, हे आधी फीत लावून बघा. कितीतरी आराखडे या एका गोष्टीवर अडतात.

वीजतारांशी तडजोड नाही. खांब अधिक अँटेना यांची एकूण लांबी आणि वर किमान ३ मीटर, एवढं अंतर सर्व दिशांना हवं. उभारताना खांब कलंडतो तो आपल्याला हव्या त्या बाजूला कलंडत नाही.

पायरी ४: फाइल

प्रमाणबद्ध स्थलचित्र, ज्यात चारही सीमांपर्यंतचं, घरापर्यंतचं आणि वीजतारांपर्यंतचं अंतर मीटरमध्ये. उभा आराखडा, त्यात घर आणि शेजारचं झाड त्याच प्रमाणात. १५ मीटरचा खांब एकटा काढला की राक्षसी दिसतो, बाजूला १२ मीटरचं झाड आलं की नजर शांत होते. अभियंत्याचा अहवाल, पायाचा तपशील, अर्थिंगचा नकाशा, परवान्याची प्रत, विमा असल्यास त्याची प्रत. आणि वरच्या कोनांच्या हिशेबाचं एक पान, एकच.

छायाचित्रांवर मेहनत घ्या. हलका फायबरचा खांब नियोजित जागी नियोजित उंचीपर्यंत तासभर उभा करा, टोकाला रंगीत फडकं बांधा आणि रस्त्याच्या कोपऱ्यांवरून, शेजाऱ्यांच्या फाटकांपासून डोळ्यांच्या उंचीवरून फोटो घ्या. फडकं दिसलंच नाही असे फोटोही लावा. हे करण्याआधी शेजाऱ्यांना सांगा, नाहीतर अर्ज पोचायच्या आत तक्रार पोचते.

मागणी पायऱ्यांत ठेवली तर बरी: ‘सरकता मास्ट, वापरात १५ मीटर, वापर नसताना आणि वादळाचा इशारा असताना ७ मीटर’. समोरच्याला काहीतरी मान्य केल्याचं आणि काहीतरी नाकारल्याचं दोन्ही समाधान मिळतं. पण जी अट पाळणार नाही ती लिहून देऊ नका. रोज रात्री मास्ट खाली घ्यायचा असेल तर हाताची कप्पी नको, मोटर लावा. महिन्याभरात हात कंटाळतात आणि अट मोडते.

पायरी ५: हरकती

सुनावणीत येणाऱ्या हरकती ठरलेल्या असतात. दिसायला वाईट, पडेल, टीव्ही बिघडेल, किरणोत्सर्ग होईल. पहिल्या दोहोंना फाइल उत्तर देते.

टीव्ही आणि ध्वनियंत्रांतल्या व्यत्ययाबद्दल ‘आमचा दोष नाही’ असं म्हणू नका, खरं असलं तरी. उपाय दाखवा. फीडरवर, म्हणजे अँटेनाच्या केबलवर, सामान्य-प्रवाह चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा नको तो प्रवाह अडवणारं वेटोळं): २४० आकाराच्या ३१ मिश्रणाच्या फेराइट कड्यावर आरजी-५८ चे ११-१२ वेढे. वरच्या बँडसाठी आठ-नऊ वेढे पुरतात. जास्त घातले की वेढ्यांमधली धारिता चोकला आडवा रस्ता देते. अँटेनाच्या जोडणीपाशी एक, घरात शिरताना एक. शेजाऱ्याच्या स्पीकरच्या तारेसाठी चार क्लिप-फेराइट स्वतःच्या खिशातून देण्याची तयारी लेखी नोंदवा. व्यत्यय टॉवरच्या उंचीने वाढत नाही, उलट अँटेना शेजाऱ्याच्या वायरिंगपासून लांब गेली की बहुधा कमीच होतो. उंचीच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि तो मांडायचं बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही.

प्रारणाबद्दल आकडा सांगा. डायपोलला सतत १०० वॅट दिले, तर १० मीटरवर घनता दर चौरस मीटरला ०.१३ वॅट. जमिनीवरून पूर्ण परावर्तन धरून चौपट केली तरी ०.५२. आयसीएनआयआरपी या प्रारण-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या १९९८ च्या मार्गदर्शिकेत १० ते ४०० मेगाहर्ट्झसाठी सामान्य नागरिकांची मर्यादा २ वॅट. शिवाय बोलताना आणि मोर्स पाठवताना सरासरी शक्ती याहून कमीच असते. यागी आणि मोठा ॲम्प्लिफायर वापरणार असाल तर हाच हिशेब त्या आकड्यांनी पुन्हा करा. वरचं उत्तर तिथे चालणार नाही.

नकार आला तर कारणांसह लेखी मागा आणि आदेशाच्या पहिल्या पानावर अपिलाची शेवटची तारीख लाल शाईने लिहा. मुदत चुकली की मुद्दा कितीही बरोबर असला तरी ऐकला जात नाही.

पायरी ६: मंजुरीनंतर

मंजूर आराखड्याहून एक बोटही इकडेतिकडे नको. काँक्रीट ओतल्यावर २८ दिवस थांबा. चार दिवसांत टॉवर चढवला की बोल्टभोवतीचं काँक्रीट भेगाळतं, वरून ते दिसत नाही. अर्थिंगचा २.४ मीटरचा दांडा टॉवरच्या बुडाशी द्या आणि तो घराच्या मुख्य अर्थिंगला जाड तांब्याच्या पट्टीने जोडा. वेगळा ठेवलेला ‘स्वतंत्र अर्थ’ वीज पडली की घातक ठरतो: दोन दांड्यांमधला हजारो व्होल्टचा फरक तुमच्या रेडिओतूनच वाट काढतो.

टॉवर नाहीच मिळाला तर

कमी दिसणाऱ्या अँटेनांत टोकाला जोडलेली अर्धतरंग तार सर्वांत कामाची. ४०, २०, १५ आणि १० मीटर बँडसाठी २०.२ मीटर तार, एक टोक खिडकीशी, दुसरं झाडाशी. जोडणीला ४९:१ ट्रान्सफॉर्मर: २४० आकाराच्या ४३ मिश्रणाच्या कड्यावर प्राथमिक २ वेढे, दुय्यम १४, प्राथमिकवर १०० पिकोफॅरडचा उच्च-व्होल्टेज कपॅसिटर. टोकाशी अवरोध सुमारे २,४५० ओहम असतो, म्हणजे १०० वॅटला ७०० व्होल्टचं शिखर. टोक पानांना टेकलं तर एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळते याचा आकडा, १:१ म्हणजे पूर्ण जुळणी) ओल्या हवेत नाचतो, आणि हाताला लागलं तर चटका. फीडरवरचा चोक ट्रान्सफॉर्मरपासून दोन-एक मीटरवर ठेवा, मधली केबलच प्रतिभार, म्हणजे अँटेनाची दुसरी बाजू, म्हणून काम करते.

ध्वजस्तंभाच्या रूपातली उभी अँटेना त्याखालोखाल. फायबरच्या पोकळ नळीत ५.०५ मीटर तार, २० मीटर बँडसाठी. रेडियल, म्हणजे बुडापासून चौफेर पसरलेल्या तारा, गवतात दोन-तीन सेंटिमीटर खोल, निदान १६, प्रत्येकी ३ ते ५ मीटर. जमिनीतल्या रेडियलची लांबी जुळवत बसू नका, संख्या वाढवा. इथे एक फसवी गोष्ट आहे. आदर्श जमिनीवर पाव-तरंग खांबाचा अवरोध ३६ ओहम असतो. चारच रेडियल घालून मीटरने एसडब्ल्यूआर १:१ दाखवला, तर आनंद मानू नका. उरलेले १४ ओहम मातीचे आहेत आणि तुमची २८ टक्के शक्ती गांडुळांना ऊब देते आहे. रेडियल वाढवत गेलात की एसडब्ल्यूआर १.४ कडे चढतो. तो चढला की समजा, काम बरोबर चाललंय.

बाल्कनीच उरली असेल तर चुंबकीय लूप. १ मीटर व्यासाचं कडं, २२ मिलिमीटर तांब्याची नळी, १४ मेगाहर्ट्झला सुमारे ५० पिकोफॅरड. प्रारण-रोध फक्त ०.०९ ओहम, तांब्याचा तोटा ०.०४५. आता एका सांध्याचा संपर्क ढिला राहून ०.०५ ओहम वाढला, तर जवळपास चौथा हिस्सा शक्ती त्या एका सांध्यात जळते. म्हणून नटबोल्ट नकोत, सांधे झाळून घ्या. १०० वॅटला कपॅसिटरवर ५,८०० व्होल्ट येतात, त्यामुळे जुन्या रेडिओतला हवेचा गँग (फिरवून जुळवायचा कपॅसिटर) ठिणग्या टाकतो. १० वॅटपर्यंत तो चालून जाईल. बँडविड्थ वीस किलोहर्ट्झच्या आत, प्रत्येक वेळी पुन्हा जुळवावं लागतं.

यातली जी अँटेना उभी राहील तिच्यावर आठवडाभर डब्ल्यूएसपीआर (अगदी कमी शक्तीचे सिग्नल आपोआप पाठवून चाचणी घेण्याची पद्धत) लावा. २०० मिलिवॅट पुरतात. प्रक्षेपण सम मिनिटाला सुरू होऊन जवळपास दोन मिनिटं चालतं आणि कोणी किती सिग्नलने ऐकलं ते जगभरातली केंद्रं आपोआप नोंदवतात. तात्पुरत्या मास्टची मुभा असेल तर डायपोल एक दिवस ७ मीटरवर, एक दिवस १२ मीटरवर असं आलटून पालटून दोन आठवडे चालवा. त्याच वेळच्या, त्याच केंद्रांच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवा. पाच मीटर का हवेत हे पुढच्या अर्जात सांगायला ते एक कोष्टक पुरेल.